आईच्या कानातलं हाड थ्रीडी प्रिंट करून बसवता येईल का? कानाच्या एका डॉक्टरचं सविस्तर उत्तर

प्रश्न काय आहे ते आधी थोडक्यात, म्हणजे बाकीच्यांनाही लिंक लागेल. भुसावळकडचा एक मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या आईचा डावा कान लहानपणापासून वाहायचा, दोन वर्षांपूर्वी पडदा बसवायचं ऑपरेशन झालं, कान कोरडा झाला पण ऐकू अजून कमीच येतं. डॉक्टर म्हणाले आतल्या हाडांची साखळी तुटलीये, टायटॅनियमचं इम्प्लांट टाकावं लागेल. कॉलेजात थ्रीडी प्रिंटर आहे, आईचा सीटी स्कॅन घरात आहे, तर आईच्या मापाचं हाड डिझाइन करून प्रोजेक्टही होईल आणि तेच बसवताही येईल का, मटेरियल कोणतं घेऊ, आणि बाजारातल्या तांदळाएवढ्या तुकड्याला एवढे पैसे कशाचे, असं त्याने विचारलंय.

भाऊ, वयाने लहान आहेस म्हणून तू म्हणतो. मी कानाचीच ऑपरेशनं करतो, आपल्याच खान्देशात, आणि इम्प्लांट डिझाइन करणाऱ्या इंजिनिअर लोकांसोबत मापं आणि टेस्टिंगच्या कामातही बसलोय. बसवता येईल का, याचं उत्तर आईसाठी "नाही", प्रोजेक्टसाठी मात्र "हो". पण तू मटेरियलचा प्रश्न विचारलास ना, तो खरं तर तिसऱ्या नंबरचा आहे. आवाज पुढे न्यायचं काम कुठलीही हलकी कडक काडी करते. खरा प्रॉब्लेम आहे काडीची लांबी किती, आणि ती आजारी कानात पाच-दहा वर्षं जागेवर राहील कशी.

पडदा बसवला तरी ऐकू का येत नाही, इथून सुरुवात करतो, कारण साक्री-पिंपळनेरकडच्या आजीबाई ओपीडीत हेच विचारतात, "पडदा बसाडा तरी माले ऐकू काब येस नही?" बाहेरून पडद्यापर्यंत हवा आहे आणि आतल्या कानात, कॉक्लियात, पाणी आहे. हवेतला आवाज थेट पाण्यावर आदळला तर ९९.९ टक्के ऊर्जा परत फिरते, म्हणजे ३० डेसिबलच्या आसपास गेलेच. ते भरून काढायला मधला कान आहे. त्यात तीन बारीक हाडांची साखळी, पडद्याला चिकटलेली हातोडी, मग ऐरण आणि शेवटी रिकीब, जिचा तळवा आतल्या कानाला टेकतो. पडद्याचं कामाचं क्षेत्रफळ साधारण ५५ चौरस मिमी, रिकिबीच्या तळव्याचं ३.२ चौरस मिमी, म्हणजे दाब १७ पट झाला. वर हातोडी आणि ऐरणीच्या तरफेचे १.३ पट. गुणाकार २२ च्या जवळ, डेसिबलमध्ये साधारण २७. साखळी तुटली की हे सगळं जातं. वर पडदा अख्खा असेल तर तो आता आवाजाच्या वाटेत आडवा उभा, त्यामुळे नुकसान ६० डेसिबलपर्यंत जाऊ शकतं. कधीकधी तर पडद्याला भोक होतं तेव्हा जास्त बरं ऐकू यायचं असं पेशंट सांगतो आणि घरचे मला अशा नजरेने बघतात की विचारू नको, पण पेशंट खरं बोलत असतो.

तुटते कुठे, तर बहुतेक वेळा ऐरणीच्या लांब दांड्याच्या टोकाला, जिथे ती रिकिबीला टेकते. तिथला रक्तपुरवठा मुळातच बारीक, वर्षानुवर्षं पू राहिला की पहिलं तेच टोक गळतं. आपल्याकडे त्यात लसूण घालून कढवलेलं तेल, काडेपेटीची काडी आणि पावसाळ्यात नदी-विहिरीत पोहणं याची भर असते. त्यातलं तेल तर आज सांगून उद्या बंद होणारं नाही, असो.

आता इम्प्लांटचे दोन प्रकार. रिकीब शाबूत असेल तर तिच्या डोक्यावर बसणारा आखूड, त्याला आम्ही पोर्प म्हणतो. रिकिबीच्या कमानीही गेल्या असतील तर थेट तळव्यावर उभा राहणारा लांब, तो टोर्प. पोर्पचे रिझल्ट सर्वसाधारणपणे बरे येतात कारण त्याला बसायला खाली डोकं असतं, टोर्प मात्र गुळगुळीत तळव्यावर नुसता उभा असतो आणि सरकतो. तुझ्या आईला कोणता लागेल हे सीटीवरून अंदाजे सांगता येतं, पक्कं मात्र कान उघडल्यावरच कळतं.

लांबीचं गणित बघ. तयार इम्प्लांट साधारण पाव-पाव मिमीच्या फरकाने येतात, म्हणजे पाव मिमीने फरक पडतो हे गृहीतच आहे. तू ज्या सीटीवरून माप घेणार त्याच्या स्लाइस साधारण अर्ध्या मिमीच्या, त्यात रिकिबीच्या कमानी बऱ्याचदा धड दिसतही नाहीत. समजा कोन-बीम सीटी करून बारीक माप मिळालं. तरी जे अंतर मोजायचंय ते त्या दिवशी अस्तित्वातच नसतं. इम्प्लांटचं वरचं टोक टेकणार पडद्याला, आणि गरज पडली तर पडदा मी ऑपरेशनमध्ये उचलून नवीन ग्राफ्टसकट परत बसवणार, त्याखाली अर्धा मिमी जाडीची कूर्चेची चकती घालणार, आणि पुढच्या काही महिन्यांत जखम भरताना तो पडदा थोडा आत किंवा बाहेर सरकणार. म्हणजे सीटीवरून मापाचं हाड बनवलंस तर ते जुन्या कानाच्या मापाचं होईल.

यावर तू म्हणशील की परदेशात झालंय की. झालंय. २०१७ साली अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या टीमने मृत शरीरातल्या कानांच्या सीटीवरून प्रत्येकाच्या मापाचे प्रोस्थेसिस प्रिंट केले, कोणता कोणाचा ते न सांगता ४ सर्जनना दिले आणि चौघांनीही बरोबर जोड्या लावल्या. मार्च २०१९ मध्ये प्रिटोरियाला प्रोफेसर माशुडू त्शिफुलारो यांच्या टीमने प्रिंट केलेली मधल्या कानाची हाडं पेशंटमध्ये बसवली, ती बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर आजही फिरते आणि बहुतेक तीच तू बघितलीस. दोन्ही कामं भारीच आहेत. पण मेरीलँडच्या कानात पडदा आणि रिकीब आपापल्या जागी होते, फक्त मधलं अंतर भरायचं होतं, तिथे स्कॅनचं माप चालणारच. तुझ्या आईसारख्या वाहून वाहून कोरड्या झालेल्या कानात तशी परिस्थिती नसते.

मग आम्ही माप घेतो कसं? मायक्रोस्कोपखाली पडदा उचलला, मागच्या भिंतीचं थोडं हाड खरवडलं की रिकिबीचं डोकं दिसतं, टाचणीच्या डोक्याहून लहान. पूर्ण रिकीबच ३ मिमी उंच आणि ३ मिलिग्रॅम वजनाची, अंगातलं सगळ्यात छोटं हाड. तिच्या आजूबाजूचे पडदे-पापुद्रे सोडवायचे, मग सायझर नावाच्या मापाच्या डमी काड्या एकेक उभ्या करून बघायच्या. बरोबर लांबीची काडी आधाराशिवाय उभी राहते, डुलत नाही आणि रिकिबीला वाकवतही नाही. त्यानंतर खरं इम्प्लांट ठेवून हातोडीला सुईच्या टोकाने अगदी हलका धक्का देतो आणि नजर राउंड विंडोच्या, म्हणजे आतल्या कानाच्या पातळ पडद्याच्या खिडकीच्या, खोबणीकडे ठेवतो. तिथे पाण्याचा थेंब असतो, त्यावर मायक्रोस्कोपच्या लाइटची चमक पडलेली असते. साखळी नीट जोडली गेली असेल तर धक्क्यासरशी ती चमक लुकलुकते. नाही लुकलुकली तर कुठेतरी सैल आहे नाहीतर तळवा घट्ट झालाय, मग परत काढा. जास्त लांब घातलं तर काय होतं? रिकिबीच्या तळव्याभोवतीची रिंग ताणली जाते, ताणलेली रिंग जाड सुराला हलत नाही, पेशंटचे खालच्या फ्रिक्वेन्सीचे डेसिबल जातात, आणि वरच्या बाजूने पडदा पातळ होत होत एक दिवस टायटॅनियम बाहेर डोकावतं. आखूड घातलं तर पहिल्या जोराच्या शिंकेला आडवं. रावेर-यावलला घडाने वाकलेल्या केळीला बांबूचा टेकू देतात तसंच आहे, लांब झाला तर झाडच ढकलतो आणि आखूड झाला तर वाऱ्याला निसटतो, फक्त इथे चुकायला पाव मिमी पुरतो.

इंजिनिअर म्हणून तुला सगळ्यात मजा येईल ती पुढच्या गोष्टीत. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं, म्हणजे ०.०२ पास्कल. एवढ्या आवाजाला पडदा काही नॅनोमीटरच हलतो. आता तू चाळीसगावहून कन्नड घाट चढ. दर १०० मीटर उंचीला हवेचा दाब साधारण १.२ किलोपास्कलने कमी होतो, म्हणजे त्या बोलण्याच्या आवाजाच्या ६० हजार पट. चांगल्या कानात घशाकडची नळी उघडून दाब बरोबर करते, तोवरचा धक्का हातोडी आणि ऐरणीच्या मधला सांधा सरकून पचवतो, त्यामुळे रिकिबीवर सगळा जोर येत नाही. वाहिलेल्या कानात नळी धड काम करत नाही आणि आम्ही टाकलेल्या सरळ कडक काडीला सांधाच नाही. म्हणजे डिझाइनला एकाच वेळी दोन विरुद्ध गोष्टी करायच्या आहेत, आवाजाच्या बारीक वेगवान हालचालीला कडक राहायचं आणि दाबाच्या मोठ्या सावकाश हालचालीला नमायचं. म्हणून काही डिझाइनमध्ये डोक्याखाली बॉल जॉइंट असतो, काहींत सिलिकॉनचा तुकडा. माझ्या मते या क्षेत्रात खरं डिझाइनचं काम उरलंय ते इथे, नवीन मटेरियलमध्ये नाही.

वजनाबद्दल जाहिराती खूप करतात, आमचं फक्त ४ मिलिग्रॅम वगैरे. वजनाचा फरक वरच्या फ्रिक्वेन्सीत पडतो हे खरं, आणि स, श, ट सारखी व्यंजनं तिथेच असतात. पण देवाने दिलेली ऐरण स्वतः २५-३० मिलिग्रॅमची आहे आणि तिच्यासकट माणूस मस्त ऐकतो. त्यामुळे ४ चे ३ मिलिग्रॅम केले म्हणून मी तरी हुरळून जाणार नाही.

आता मटेरियल. १९५० च्या दशकात जर्मनीत वुलस्टाइनने प्लास्टिकचे दांडे वापरून बघितले, कानाने ते बाहेर ढकलले. १९५६ साली मेम्फिसला जॉन शी यांनी ओटोस्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे रिकीब जागेवर चिकटते त्या आजारात, टेफ्लॉनची रिकीब बसवली. ७० च्या दशकात सच्छिद्र पॉलिथिलिन आलं, ते पडद्याखाली उघडं ठेवलं की बाहेर यायचं, कूर्चा मध्ये घातली की बरंच टिकायचं. मग हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट म्हणजे हाडातलंच खनिज, आणि ९० च्या दशकात टायटॅनियम. यातली गंमत बघ, टेफ्लॉनचा पिस्टन, म्हणजे रिकिबीच्या जागी बसणारी काडी, आम्ही आजही रोज वापरतो, ०.४ किंवा ०.६ मिमी जाडीचा, आणि वर्षानुवर्षं त्याला काही होत नाही. प्लास्टिकच ना तेही? पण ओटोस्क्लेरोसिसच्या पेशंटचा पडदा निरोगी, नळी निरोगी, कान कधी वाहिलेला नसतो, आणि पिस्टन पडद्याला टेकतच नाही. म्हणजे इम्प्लांट टिकणं हे मटेरियलपेक्षा कोणत्या कानात गेलं आणि कशाला टेकलं यावर जास्त आहे. टायटॅनियम मला आवडतं ते वेगळ्या कारणांसाठी. ते कडक असून बारीक करता येतं, एमआरआयला अडचण करत नाही, आणि त्याच्या चकतीला खिडक्या ठेवता येतात म्हणजे वरून बघताना खालचं टोक डोक्यावर बसलंय का ते दिसतं. डिझाइन करणाऱ्यांना हे शेवटचं किरकोळ वाटतं, माझ्यासाठी निम्मं ऑपरेशन तेच आहे.

कॉलेजच्या प्रिंटरबद्दल. त्याचा नोझल बहुतेक ०.४ मिमीचा असणार आणि टायटॅनियम प्रोस्थेसिसचा दांडा असतो साधारण ०.२ मिमी, म्हणजे तुझ्या प्रिंटरची एक रेघच आमच्या दांड्याच्या दुप्पट. पीएलए, म्हणजे अशा प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक, शरीरात हळूहळू विरघळतं, रेझिनमध्ये न सेट झालेलं केमिकल राहतं आणि ते आतल्या कानापासून काही मिमीवर ठेवायचं का? लेझरने टायटॅनियम पावडर वितळवून प्रिंट करतात ते चालतं, पण पृष्ठभाग खरखरीत येतो, तो साफ करण्यातच वेळ. आणि समजा सगळं जमलं तरी कॉलेजात बनवलेली वस्तू माणसाच्या कानात घालायला शहाणा सर्जन तयार होणार नाही, झाला तर तिथून आईला घेऊन निघ. भारतात वैद्यकीय उपकरणं २०१७ च्या नियमांखाली येतात, सीडीएससीओचं, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेचं लायसन्स, आयएसओ १०९९३ च्या जैविक चाचण्या, माणसावर ट्रायल करायची तर एथिक्स कमिटी आणि ट्रायलची नोंदणी. किंमत का, याचं बरंचसं उत्तर इथेच आहे. धातू काही रुपयांचाही नसेल. पण माल थोडा खपतो, प्रत्येक तुकडा मायक्रोस्कोपखाली तपासायचा, निर्जंतुक पॅकिंग, दहा लांब्या स्टॉकमध्ये ठेवायच्या त्यातल्या दोनच खपणार, आणि वर आयात. थोडा नफाही जास्तच लावतात, ते मी नाकारत नाही.

आतापर्यंतचं एवढं लक्षात ठेव, लांबी आणि ताण पहिला, आजारी कानात टिकणं दुसरं, मटेरियल तिसरं.

यूट्यूबवरच्या "कंपन करणाऱ्या" इम्प्लांटबद्दलही तू एक ओळ विचारलीस. ते वेगळं घराणं आहे, अ‍ॅक्टिव्ह इम्प्लांट. त्यातलं व्हायब्रंट साउंडब्रिज सगळ्यात जास्त वापरलं गेलं, जेफ्री बॉल नावाच्या इंजिनिअरने ते बनवलं आणि त्याला स्वतःला कमी ऐकू यायचं. अमेरिकेत २००० साली मंजुरी मिळाली. साधारण २.३ मिमी लांब आणि २५ मिलिग्रॅमची सीलबंद डबी ऐरणीला चिमटवतात, आत चुंबक मागे-पुढे हलतो आणि डबीच हाडाला हलवते. बाहेर कानामागे प्रोसेसर, सिग्नल कातडीतून आत. २००६ च्या सुमारास इटलीतल्या कोलेट्टी यांनी साखळीच नसलेल्या कानात तीच डबी राउंड विंडोवर ठेवून दाखवली. इथे डिझाइनची परीक्षा थकव्याची आणि सीलची आहे, १००० हर्ट्झने दिवसाचे १६ तास धरले तर रोजच्या ५ कोटी ७६ लाख फेऱ्या, ओलाव्यात, आणि दुरुस्ती म्हणजे परत ऑपरेशन. पूर्ण आत बसणारं एस्टीमही आहे, अमेरिकेत २०१० ला मंजूर, ते पडद्यालाच माइक म्हणून वापरतं पण त्यासाठी चांगल्या ऐरणीचा तुकडा कापावा लागतो आणि बॅटरी संपली की पुन्हा टेबलावर. तुझ्या आईला यातलं काही लागेल असं प्रश्नावरून तरी वाटत नाही. आणि कॉक्लिअर इम्प्लांट हे तिसरंच प्रकरण, ते नस-कॉक्लियाच्या बहिरेपणासाठी, नातेवाईक दोन्हीची सरमिसळ करतात म्हणून सांगितलं.

आईचं काय करायचं ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या न बघता मी सांगणार नाही. ताजा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढा, त्यात हवेतून आणि हाडातून ऐकू येण्याच्या रेषांमधलं अंतर बघायचं. हाडाची रेषच खाली असेल तर साखळी जोडूनही तेवढा फायदा नाही, जिनिंगमध्ये किंवा रेल्वे वर्कशॉपच्या आवाजात वर्षं काढलेल्यांचं असं होतं. उजवा कान कसा आहे हेही तेवढंच महत्त्वाचं. बेलफास्टच्या सर्जनांचा एक जुना ठोकताळा आहे, ऑपरेशननंतर तो कान ३० डेसिबलच्या आत आला किंवा दुसऱ्या कानापासून १५ च्या आत आला तरच पेशंटला फरक जाणवतो. आमच्या पेपरांमध्ये अंतर २० डेसिबलच्या आत आलं की यशस्वी लिहितात, पण उजवा कान ठणठणीत असेल तर आई म्हणू शकते की मला काही फरकच नाही, आणि दोघंही खरं.

सर्जनला एक विचार, आईची स्वतःची ऐरण आत शिल्लक आहे का आणि निरोगी आहे का. असेल तर ती बाहेर काढून बारीक डायमंड बरने तिला खड्डा पाडून रिकिबीवर टोपीसारखी बसवता येते, इम्प्लांटचा खर्च शून्य. आम्ही हे भरपूर करतो. पण त्या हाडात कोलेस्टेटोमा, म्हणजे कानात वाढून हाड खाणारी कातडीची गाठ, शिरलेला असेल तर ते परत ठेवायचं नाही, आणि कधी ते बाजूच्या भिंतीला चिकटून बसतं. नुसत्या कूर्चेनेही काम भागतं कधीकधी. टायटॅनियमच हवं असा आग्रह तुमच्याकडून नको आणि डॉक्टरकडूनही नको. घाई तर अजिबात नाही, कान कोरडा झालाय ही चांगली गोष्ट आहे. तोपर्यंत श्रवणयंत्र लावून बघा, कान कोरडा असेल तर या प्रकारच्या बहिरेपणात ते छान चालतं, काही जण ऑपरेशनचा विचारच सोडून देतात.

प्रोजेक्ट म्हणून माझं ऐकशील तर दहा पट मोठं मॉडेल कर. सिलिकॉनचा पडदा, खाली स्प्रिंगवर बसवलेला तळवा, मध्ये तुझी काडी. पाण्याच्या मॅनोमीटरने दाब दे आणि काडीची लांबी थोडी थोडी बदलत तळव्यावर किती जोर येतो ते मोज. मग डोक्याखाली सांधा टाकून तेच परत. आकार दहा पट केला की जोर, कडकपणा सगळं वेगवेगळ्या प्रमाणात बदलतं, ते स्केलिंगचं गणित आधी गाईडकडून तपासून घे, नाहीतर परीक्षक तिथेच पकडतील. खऱ्या टेम्पोरल बोनवर, म्हणजे कान ज्यात असतो त्या कवटीच्या हाडावर, लेझरने कंपन मोजणाऱ्या व्हायब्रोमीटरने मोजतात, त्यासाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची एफ २५०४ ही पद्धत आहे, ती वाच, पण ते यंत्र तुझ्या कॉलेजात नसणार. आणि प्रिंटर वापरायचाच असेल तर सीटीवरून अख्खं टेम्पोरल बोन प्रिंट कर, ड्रिलिंगच्या प्रॅक्टिससाठी. जळगाव-धुळ्याच्या मेडिकल कॉलेजातल्या ईएनटी डिपार्टमेंटला जाऊन विचार, पीजीच्या पोरांना अशा हाडांची टंचाईच असते, तिथे तुझं काम लगेच वापरात येईल. सीटीची फाइल देताना आईचं नाव आणि नंबर त्यातून काढून टाक. ऑडिओग्राम इथे टाकायचा असेल तर तसंच नाव झाकून टाक, दोन्ही कानांचा, मग पोर्प की टोर्प यावर पुढे बोलू.